जनतेच्या प्रश्नांची नोंदवही : मोठ्या संकेतस्थळांच्या शोध-आकडेवारीचे वाचन

तहसील कचेरी असो, पंचायत समिती असो वा जिल्हा परिषद असो, तेथे चौकशीची एक खिडकी असतेच. उत्पन्नाचा दाखला कोठे मिळेल, फेरफाराची नोंद झाली का, शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत कधीपर्यंत आहे, असे प्रश्न घेऊन दिवसभर माणसे त्या खिडकीशी येतात आणि उत्तर घेऊन, अथवा न घेता, परत जातात. कचेरीत आलेल्या प्रत्येक टपालाची आवक नोंदवहीत नोंद होते. खिडकीवर तोंडी विचारलेल्या प्रश्नाची नोंद मात्र कोठेही राहत नाही. लोकांना नेमके काय हवे होते आणि त्यांपैकी किती जण निराश होऊन परतले, हे त्यामुळे कोणालाच सांगता येत नाही.

आज यांतील बरेच प्रश्न खिडकीपर्यंत येण्यापूर्वी मोबाईलवरील शोधयंत्राला विचारले जातात. शोधयंत्र उत्तरादाखल काही संकेतस्थळांची यादी पुढे ठेवते. त्या यादीत शासकीय पान वर असेल तर नागरिक योग्य ठिकाणी पोहोचतो. ते खाली असेल, किंवा नसेलच, तर तो मध्यस्थाच्या अथवा फसव्या स्थळाच्या हाती सापडण्याचा संभव असतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकास प्राप्त झाला आहे. परंतु हक्क कागदावर असून भागत नाही, त्याची वाटही सापडावी लागते.

समाधानाची गोष्ट अशी की, या नव्या खिडकीवरील प्रश्नांची नोंद राहते. ती नोंदवही कशी वाचावी, तिच्यातील कोणत्या आकड्यावर विसंबावे आणि कोणत्या आकड्याने फसू नये, याची माहिती संकेतस्थळाशी संबंधित अधिकाऱ्यांना असणे अगत्याचे आहे. हजारो पाने असलेल्या मोठ्या संकेतस्थळाच्या बाबतीत तर ती अधिकच आवश्यक ठरते.

नोंद कोठे मिळते?

भारतात बहुसंख्य लोक गूगल या शोधयंत्राचा वापर करतात. या कंपनीने संकेतस्थळांच्या चालकांसाठी ‘सर्च कन्सोल’ नावाची विनामूल्य सोय ठेवली आहे. पूर्वी ती ‘वेबमास्टर टूल्स’ या नावाने ओळखली जात असे. २०१५ साली तिचे नाव बदलण्यात आले. संकेतस्थळ आपलेच आहे हे सिद्ध केल्यावर चालकास त्या स्थळाची शोध-आकडेवारी पाहता येते. २०१८ साली या सोयीची नवी आवृत्ती आली आणि पूर्वी केवळ ९० दिवसांची मिळणारी माहिती १६ महिन्यांपर्यंत मिळू लागली. त्यामुळे यंदाच्या जून महिन्याची गेल्या वर्षीच्या जूनशी तुलना करणे शक्य झाले.

या अहवालात मुख्यतः चार संख्या असतात. पहिली ‘इम्प्रेशन’ म्हणजे दर्शने : शोधाच्या निकालांत आपल्या स्थळाचा दुवा किती वेळा आला. दुसरी क्लिक : त्या दुव्यावरून किती वेळा लोक आपल्या पानावर आले. तिसरी क्लिकचे प्रमाण : शंभर दर्शनांमागे किती क्लिक झाले. चौथी सरासरी क्रमांक : निकालांच्या यादीत आपला दुवा सरासरीने कितवा होता. या चारही संख्या शोधशब्द, पान, देश, उपकरण आणि दिनांक अशा निरनिराळ्या अंगांनी विभागून पाहता येतात.

वरवर पाहता हे सोपे वाटते. तथापि, एक बारकावा येथेच लक्षात घेतला पाहिजे. एकाच शोधाच्या निकालात आपल्या स्थळाची दोन पाने आली, तर संपूर्ण स्थळाच्या हिशेबात ते एकच दर्शन धरले जाते. पानांच्या हिशेबात मात्र प्रत्येक पानाचे एक याप्रमाणे दोन दर्शने होतात. म्हणून पानांच्या आकड्यांची बेरीज स्थळाच्या एकूण आकड्याशी जुळली नाही, तर त्यात कोणाची चूक झाली असे समजण्याचे कारण नाही.

मोठ्या स्थळाची अडचण

दहा-वीस पाने असलेल्या लहान संकेतस्थळास हा अहवाल पडद्यावर पाहून पुरतो. ज्या स्थळावर वर्षानुवर्षांचे शासन निर्णय, परिपत्रके, अर्जांचे नमुने, निविदा, भरतीच्या जाहिराती आणि तालुकानिहाय याद्या आहेत, त्याची गोष्ट निराळी असते. पडद्यावरील तक्त्यात फार तर १,००० ओळी दिसतात. लोक जर पन्नास हजार निरनिराळ्या शब्दांनी शोध घेत असतील, तर त्यांपैकी वरच्या एक हजार ओळी पाहून उरलेल्यांविषयी काहीच कळत नाही. वरच्या ओळी बहुधा खात्याच्या नावाच्या आणि गाजलेल्या योजनांच्या असतात. अडलेल्या माणसाचा नेमका प्रश्न तळाच्या ओळींत असतो.

यावर तीन उपाय आहेत. पहिला असा की, संगणकीय कार्यक्रमाद्वारे थेट माहिती मागवावी. या मार्गाने शोधाच्या प्रत्येक प्रकारासाठी दररोज ५०,००० ओळींपर्यंत माहिती मिळते. दुसरा उपाय म्हणजे स्थळाच्या निरनिराळ्या विभागांची स्वतंत्र नोंदणी करणे. योजनांचा विभाग, दाखल्यांचा विभाग, शासन निर्णयांचा विभाग अशी वेगवेगळी खाती उघडल्यास ओळींची मर्यादा प्रत्येक खात्यास स्वतंत्रपणे लागू होते आणि अधिक माहिती हाती येते. तिसरा उपाय फेब्रुवारी २०२३ मध्ये उपलब्ध झाला. त्यात दररोजची माहिती ‘बिगक्वेरी’ या मोठ्या माहितीसाठ्यात आपोआप भरली जाते व तिला ५०,००० ओळींची मर्यादा लागू होत नाही.

या तिसऱ्या उपायाचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवावयास हवे. ही भरणी ज्या दिवशी सुरू करावी, त्या दिवसापासूनचीच माहिती साठते. मागील महिन्यांची माहिती तीत येत नाही. विहीर खणली त्याच वर्षापासून तिचे पाणी मोजता येते, तसाच हा प्रकार आहे. आज गरज भासत नसली तरी ही सोय आजच सुरू करून ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे ठरते. सोळा महिन्यांची मर्यादाही साठवलेल्या माहितीस लागू होत नाही. पाच वर्षांनी एखाद्या योजनेचा आढावा घ्यावयाचा झाल्यास हीच माहिती उपयोगी पडेल.

न दिसणारे प्रश्न

सर्व ओळी मिळाल्या तरी सर्व प्रश्न मिळाले असे होत नाही. जो शोधशब्द दोन-तीन महिन्यांच्या काळात काही डझनांहून अधिक लोकांनी वापरलेला नसतो, तो गूगल उघड करीत नाही. एखाद्याने आपले नाव, दूरध्वनी क्रमांक किंवा आजाराचा तपशील लिहून शोध घेतला असेल, तर त्याची गुप्तता राखली जावी असा यामागील हेतू आहे, आणि तो योग्यच आहे. अशा शोधांची दर्शने व क्लिक एकूण संख्येत धरली जातात. शब्द मात्र दिसत नाहीत.

याचा परिणाम आकडेवारी वाचणाऱ्यास जाणवतो. ‘दाखला’ हा शब्द असलेले शोध आणि तो शब्द नसलेले शोध, असे दोन भाग पाडून त्यांची बेरीज केली, तर ती एकूण संख्येपेक्षा कमी भरते. शोधशब्दाची गाळणी लावताच हे निनावी शोध हिशेबातून बाहेर पडतात, हे त्याचे कारण होय.

प्रशासनाच्या दृष्टीने यात एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. लहान गावाचे नाव घालून केलेला शोध, एखाद्या छोट्या समाजघटकाची विशिष्ट अडचण, अपंग व्यक्तीने विचारलेला वेगळा प्रश्न हे मुळातच थोड्या लोकांचे प्रश्न असतात. ते या नोंदवहीत शब्दरूपाने येण्याची शक्यता सर्वांत कमी असते. ज्याची गरज विरळ, त्याचा आवाज आकडेवारीत क्षीण, असा हा न्याय आहे. ही उणीव शोधयंत्राच्या अहवालाने भरून निघणार नाही. ती ग्रामसेवक, तलाठी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्या प्रत्यक्ष अनुभवानेच भरून काढावी लागेल.

सरासरीचा सापळा

तालुक्याचे सरासरी पर्जन्यमान समाधानकारक असले तरी एखाद्या गावचे पीक करपलेले असू शकते, हे ग्रामीण भागातील प्रत्येकास ठाऊक आहे. संकेतस्थळाच्या एकूण आकड्यांचेही तसेच असते. एका काल्पनिक उदाहरणाने ही गोष्ट स्पष्ट होईल.

समजा, एका खात्याच्या स्थळाचे दोन विभाग आहेत : अर्ज व दाखले हा एक, आणि जुनी परिपत्रके हा दुसरा. गेल्या वर्षी जून महिन्यात दाखल्यांच्या विभागाची दर्शने ८०,००० व क्लिक ९,६०० होते, म्हणजे प्रमाण शेकडा १२. परिपत्रकांच्या विभागाची दर्शने २०,००० व क्लिक ४०० होते, म्हणजे प्रमाण शेकडा २. एकूण एक लाख दर्शनांवर १०,००० क्लिक झाले आणि प्रमाण शेकडा १० पडले.

यंदा दाखल्यांच्या विभागाची दर्शने तेवढीच राहून क्लिक १०,००० झाले. प्रमाण शेकडा १२.५ वर गेले. परिपत्रकांची हजारो पाने नव्याने शोधात आल्याने त्यांची दर्शने १,२०,००० आणि क्लिक ३,००० झाले. प्रमाण शेकडा २.५ झाले. दोन्ही विभागांत सुधारणाच झाली. पण एकूण दोन लाख दर्शनांवर १३,००० क्लिक, म्हणजे प्रमाण शेकडा ६.५! केवळ एकूण आकडा पाहणारा अधिकारी स्थळाची घसरण झाली असा निष्कर्ष काढील आणि चालू असलेले चांगले काम थांबवील.

याच्या उलटही घडते. एखादी नवी योजना जाहीर होते, तिच्या पानावर लोकांची झुंबड उडते आणि एकूण क्लिक दुपटीने वाढतात. त्याच महिन्यात वारस नोंदीच्या माहितीचे पान तांत्रिक दोषामुळे शोधातून नाहीसे झालेले असते. एकूण आकड्यात ही हानी दिसत नाही. बैठकीत अभिनंदन होते आणि वारस नोंदीसाठी आलेला माणूस दारातूनच परत जातो. यास्तव मोठ्या स्थळाचा अहवाल नेहमी विभागवार, पानांच्या प्रकारानुसार आणि शोधशब्दांच्या गटानुसार मांडला पाहिजे. सरासरी क्रमांकाबाबतही हीच दक्षता घ्यावी. नवी पाने चाळिसाव्या-पन्नासाव्या क्रमांकावर दिसू लागली की सरासरी खालावते. प्रत्यक्षात जुन्या पानांचे स्थान यत्किंचितही ढळलेले नसते.

लोकांची भाषा आणि कचेरीची भाषा

या नोंदवहीचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे लोकांचे स्वतःचे शब्द. महसुली परिभाषेत ‘गाव नमुना सात’ हा अधिकार अभिलेख आहे आणि ‘गाव नमुना बारा’ ही पिकांची नोंदवही आहे. शेतकरी त्यास सातबारा म्हणतो. शोधताना कोणी सातबारा, कोणी सात बारा, कोणी अंकांत ७/१२, तर कोणी रोमन अक्षरांत तोच शब्द लिहितो. शिष्यवृत्ती हा शब्द कोणी ऱ्हस्व-दीर्घाची चूक करून लिहितो, कोणी ‘स्कॉलरशिप’ असे लिहितो. अहवालात या प्रत्येक रूपाची ओळ वेगळी पडते. एकेक ओळ किरकोळ वाटते, आणि सर्व एकत्र केल्यावर मागणीचा खरा आकार कळतो.

असे गट पाडण्यासाठी २०२१ साली सर्च कन्सोलमध्ये ‘रेजेक्स’ नावाची गाळणी आली. तिच्या साहाय्याने एकाच शब्दाची अनेक रूपे एका वेळी निवडता येतात. मात्र कोणती रूपे एकत्र करावयाची, हे यंत्र सांगत नाही. त्यासाठी लोकांत वावरलेला माणूस लागतो. प्रत्येक खात्याने आपल्या प्रमुख सेवांची एक शब्दसूची तयार करावी. तिच्या एका बाजूस कार्यालयीन संज्ञा व दुसऱ्या बाजूस लोक वापरतात ते सर्व शब्द असावेत. गावच्या शाळेतील शिक्षक व सेवा केंद्रचालक यांची अशा कामी चांगली मदत होऊ शकते.

या संदर्भात ब्रिटनचे उदाहरण बोलके आहे. तेथील शासनाने ऑक्टोबर २०१२ मध्ये निरनिराळी शासकीय स्थळे एकत्र आणणारे एकच संकेतस्थळ सुरू केले. खाते काय सांगू इच्छिते यापेक्षा नागरिकास काय हवे आहे यापासून आरंभ करावा, हे तत्त्व त्याच्या उभारणीत प्रमुख मानले गेले, आणि पानांची भाषा ठरविताना लोक शोधासाठी कोणते शब्द वापरतात याचा आधार घेण्याची पद्धत रूढ झाली. कार्यालयीन संज्ञा कायद्यासाठी आवश्यक असते. ती काढून टाकण्याची गरज नाही. तिच्याजवळच, शीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात, लोकांचा शब्दही असावा, एवढेच.

मराठी मजकुराची आणखी एक अडचण आहे. जुन्या पद्धतीच्या अक्षरठशांत टंकलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, परंतु यंत्राच्या लेखी ती रोमन अक्षरांची अर्थहीन मालिका असते. तो मजकूर युनिकोडमध्ये असेल तरच यंत्रास मराठी म्हणून वाचता येतो. कागदाचे छायाचित्र काढून स्थळावर ठेवलेल्या आदेशातील शब्दही यंत्रास खात्रीने उमजतील असे नाही. एखाद्या विभागाची दर्शनेच नगण्य असतील, तर लोकांना त्याची गरज नाही असा निष्कर्ष काढण्यापूर्वी तेथील मजकूर यंत्रास वाचता येतो किंवा कसे, हे तपासले पाहिजे.

दिनांकाचा घोटाळा

दिवसवार आकडे वाचताना एक विलक्षण गोष्ट लक्षात ठेवावी लागते. या अहवालातील दिनांक अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील वेळेनुसार धरलेला असतो. त्यामुळे उन्हाळ्यात तेथील दिवस भारतीय वेळेनुसार दुपारी साडेबारा वाजता सुरू होतो आणि हिवाळ्यात दीड वाजता. राज्य मंडळाचा दहावीचा निकाल २०२४ साली २७ मे रोजी व २०२५ साली १३ मे रोजी दुपारी एक वाजता जाहीर झाला. निकालाच्या दिवशी सकाळपासून पालक व विद्यार्थी जो शोध घेतात, तो अहवालात आदल्या दिनांकाखाली जमा होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी घेतलेला शोध निकालाच्या दिनांकाखाली येतो. ही गोष्ट माहीत नसणारा आदल्या दिवशी एवढी गर्दी कशाने झाली, याचे कारण शोधीत बसेल.

ऋतुमानाचाही विचार हवा. जून महिन्यात शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशामुळे दाखल्यांची मागणी वाढते. तिची तुलना एप्रिलशी करण्यात अर्थ नाही, ती मागील वर्षीच्या जूनशीच करावयास हवी. शोधयंत्राने आपल्या पद्धतीत बदल केला तरी आकडे हलतात. सप्टेंबर २०२५ मध्ये एका पानावर शंभर निकाल मागविण्याची वाट गूगलने बंद केली. तेव्हा अनेक स्थळांची दर्शने एकाएकी घटलेली आणि सरासरी क्रमांक सुधारलेला दिसला. लोकांच्या शोधात तसा बदल झालेला नव्हता. मोजणीची रीत तेवढी बदलली होती. अशा घटनांची टिपणे आकडेवारीसोबत ठेवली नाहीत, तर पुढे अहवाल वाचणारा हमखास फसतो.

आकड्यावरून कृतीकडे

आकडेवारीचे वाचन कृतीत उतरले तरच त्याचा उपयोग. दर्शने भरपूर असून क्लिक कमी असतील, तर पानाचे शीर्षक व सारांश लोकांच्या प्रश्नाशी जुळतात का, हे पाहावे. अर्थात मदतकेंद्राचा क्रमांक निकालातच दिसल्याने कोणी क्लिक केले नसेल, तर ते अपयश नव्हे. क्रमांक अकराच्या आसपास घुटमळत असेल, तर थोड्या सुधारणेनेही पान लोकांच्या दृष्टीस पडू शकते. एकाच प्रश्नासाठी आपलीच चार पाने आलटून-पालटून दिसत असतील, तर जुन्या वर्षाची पाने नव्या पानाशी जोडून द्यावीत. मागील वर्षाचा अर्ज भरून मुदत चुकलेल्या विद्यार्थ्याची हानी कोणत्याही आकड्याने भरून येत नाही. शोधशब्द दिसतो पण त्यास उत्तर देणारे पानच नसेल, तर ते पान लिहिणे हेच काम.

येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. क्लिक झाला म्हणजे काम झाले असे नाही. पान उघडले नसेल, अर्ज भरताना अडला असेल, माहिती कळली नसेल, हे या नोंदवहीत दिसत नाही. त्यासाठी तक्रारी, सेवा केंद्रांचा अनुभव आणि प्रत्यक्ष भेटी यांची जोड द्यावी लागते.

महिन्यातून एकदा, ठरावीक दिवशी, प्रत्येक विभागाच्या आकडेवारीचे वाचन व्हावे. त्या बैठकीत संगणक जाणणाऱ्या कर्मचाऱ्याबरोबर विषय जाणणारा अधिकारीही असावा, आणि एकूण क्लिक किती वाढले याबरोबर या महिन्यात कोणत्या प्रश्नाचे उत्तर लोकांना मिळाले नाही, हेही विचारले जावे. चौकशीच्या खिडकीवरून रिकाम्या हाताने परतणाऱ्या माणसाची नोंद पूर्वी कोणाजवळ नव्हती. आज तिचा काही अंश तरी कचेरीच्या हाती आला आहे. तो वाचणे हे तांत्रिक काम आहे खरे, पण लोकांचे ऐकून घेण्याच्या जुन्याच कर्तव्याचा तोही एक भाग आहे.